ढालीवरचा हातोडा

एगमाट, ९ मार्च १९५८
रविवार, मिस्सा झाल्यावर

चि. कास्पर यास मेनाचे अनेक आशीर्वाद.

तुला चिरंजीव लिहायचं की आणखी काही, हे मी आपल्या फादरना विचारलं होतं. ते म्हणाले, बिशपांना 'महामहिम' लिहितात. मी म्हटलं, ज्याचं नाक मी माझ्या परकराला पुसलंय त्याला माझ्याच्यानं महामहिम लिहवणार नाही. त्यांना हसू आलं नाही. तुला येईल म्हणून लिहिते.

इकडे सर्व ठीक. गुडघा दुखतो, पण तो उन्हाळ्यातही दुखायचा, तेव्हा त्याचं कौतुक नको. बर्फ अजून खिडकीच्या चौकटीला टेकलेला आहे. ब्रुनाला कालवड झाली. गेल्या वर्षी झुंजीत तिनं सगळ्या गाई मागे रेटल्या, आता लेकीला चाटताना बघ, कोण म्हणेल हीच ती. हिवाळ्याआधी भाजलेला काळा पाव संपत आला आणि आता कुऱ्हाडीनंच फोडावा लागतो. तुझ्या त्या तलावाकाठी ताप फार आहे म्हणतात. कोरडे पायमोजे घालत जा. आफ्रिकेत कशाला, म्हणू नकोस. घाल.

आता ते ढालीचं.

बिशप झालं की प्रत्येकाला स्वतःची ढाल लागते हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं ती राजेलोकांची थेरं. तू कुणाशी लढणार आहेस? फादर म्हणाले, लढाईची नाही, ओळखीची ढाल. कागदावर मोहोर उठवायला, खुर्चीच्या पाठीवर कोरायला, आणि शेवटी थडग्यावर. मग आपल्या घरखुणेसारखंच की. दोन उभ्या रेघा आणि एक तिरकी. दाताळ्यावर आहे, दुधाच्या बादलीवर आहे, पाण्याच्या पाळीच्या काठीवर आहे. कुणी चोरलं तर कळतं कुणाचं ते. बिशपाला याहून जास्त काय हवं?

पण तू चित्र पाठवलंस, ते मी टेबलावर ठेवून तीन दिवस बघितलं. वर हिरवी टोपी, दोन्हीकडे सहा सहा गोंडे. मोजले मी. तुझा अर्थही वाचला. निळा रंग म्हणजे आपलं आभाळ, नागमोडी चंदेरी पट्टी म्हणजे आपला पाट, तारा म्हणजे मेरीमाता. इथवर ठीक. पण मधोमध सोन्याचा हातोडा, आणि तुझ्या अक्षरात: 'हा पाटाचा हातोडा म्हणजे बाबा. सदैव सावध कान.' आणि खाली लॅटिनमध्ये, 'जागे राहा'.

कास्पर, हातोडा काढून टाक.

एक तर तो सुताराचा वाटतो. दुसरं, तुझ्या तिकडच्या लोकांना तो कळणार नाही. त्यांना सांगत बसावं लागेल की पाटाच्या पाण्यावर एक चाक फिरतं, चाक हातोडा उचलतं आणि फळीवर आपटतं, टकटक चालू म्हणजे पाणी चालू, आणि टकटक थांबली म्हणजे वर कड्यावर पाट फुटला, पाटकऱ्यानं हातातलं टाकून धावायचं. इतकं सगळं ढालीवर कुठे मावतं? तिसरं म्हणजे, आता डोंगरातून बोगदा झाला, पाणी त्यातून येतं, हातोडा वाजून नऊ वर्षं झाली. गेलेली वस्तू कशाला उकरून काढायची?

तू बाबांची ती गोष्ट प्रवचनात सांगतोस हे मला माहीत आहे. हातोडा थांबला. यॉस्ट पाटकरी कड्यावर गेला. हातोडा पुन्हा वाजू लागला. यॉस्ट परत आला नाही. गाव छत्तीस वर्षं असंच सांगतं, कड्याखालच्या क्रुसावरही तसंच कोरलंय. प्रवचनात ठीक आहे. बोललेलं हवेत जातं. ढालीवरचं जात नाही.

गाय घाल. कणीस घाल. पण हातोडा नको. 'मेना, मनात येईल ते लिही' असं तूच म्हणालास.

तुझी बहीण
मेना


एगमाट, २० एप्रिल १९५८

चि. कास्पर यास अनेक आशीर्वाद.

ईस्टर चांगला झाला. बर्फ उतरला, वाटेवर चिखल आहे.

तुझं ऐकणं मला माहीत आहे. लहानपणीही 'हो मेना' म्हणायचास आणि करायचं तेच करायचास. मी काढून टाक म्हटलं, तर तू तुझ्या चित्रकाराला हातोडा बघायला थेट घरीच पाठवलास. ब्रदर मौरुस मंगळवारी आले. सत्तरीचे आहेत आणि बसथांब्यापासून चालत आले, म्हणून दारातूनच परत पाठवता आलं नाही. पाव, सुकं मांस, चीज ठेवलं. त्यांनी पाव चहात बुडवला तेव्हा मला कळलं, माणूस शहाणा आहे.

त्यांच्याकडून मला तुझ्या ढालीचा कायदा कळला. सोनं आणि चांदी हे धातू, बाकीचे रंग. धातूवर धातू ठेवायचा नाही, रंगावर रंग ठेवायचा नाही. म्हणून तुझा सोन्याचा हातोडा चंदेरी पाटावर टेकता कामा नये, वर निळ्यातच राहिला पाहिजे. मी म्हटलं, "हे कुणी ठरवलं?" ते म्हणाले, "लांबून ओळखू यावं म्हणून ठरलं, मेनाबाई. धुळीत, गर्दीत माणूस कोण ते कळायला हवं." मी म्हटलं, "जवळून तरी कुठे कळतं." मला असली उत्तरं द्यायची सवय आहे, तुला माहीत आहे, पण हे मी विनोदानं म्हटलं नव्हतं.

मग त्यांनी वही काढली आणि हातोडा मागितला. कास्पर सांगतो, बोगदा झाल्यावर पंचायतीनं तो तुमच्या घराला दिला, म्हणे. मी म्हटलं, जळाला. हिवाळ्यात लाकूड कमी पडलं, चुलीत घातला.

म्हातारा पेन्सिलीला टोक करत बसला. मग म्हणाला, "मग तुम्ही सांगा, मी काढतो. दांडा केवढा होता? डोकं कसलं, लार्चचं?" मी सांगत गेले. डोक्याला एका बाजूनं चीर होती तेही सांगितलं. जळालेल्या वस्तूचं इतकं बारीक कुणाला आठवतं, हे त्यांच्या लक्षात आलंच असणार.

जाता जाता म्हणाले, "त्या सकाळी घरी कोण होतं?"

"आई. आजारी. आणि मी."

"म्हणजे तो थांबला तेव्हाची शांतता तुम्हीच जवळून ऐकलीत."

मी म्हटलं, "दूध उतू जातंय," आणि आत गेले. चुलीवर दूध नव्हतं. मी रिकाम्या चुलीपुढे उभी राहिले, ते दाराबाहेर जाईपर्यंत.

आता ऐक. हातोडा जळालेला नाही. पिठाच्या पेटीत आहे, तळाला. मी साधूशी खोटं बोलले. तुझ्या ब्रदरना एवढं कळव आणि माझ्या वतीनं माफी माग. का बोलले ते विचारू नकोस.

मेना


एगमाट, ११ मे १९५८

कास्पर,

तुझ्या चारच ओळी आल्या. 'मेना, चित्र थांबवलं आहे. तू नको म्हणालीस तर हातोडा राहणार नाही. पण मी बाबांचा मुलगा आहे, मला का ते कळलं पाहिजे. रागावणार नाही.'

रागावशील की नाही ते आधी कसं ठरवतोस? तीनदा लिहिलं आणि चुलीत घातलं. हे चौथं. हे मी टपालाच्या गाडीची वेळ बघून लिहायला बसले आहे, म्हणजे परत वाचायला वेळ राहणार नाही.

तू तेव्हा तेरा वर्षांचा, खाली शहरात पाद्र्यांच्या शाळेत. मी पंधराची. आईला न्यूमोनिया झाला होता हे तुला माहीत आहे. तिला नऊ दिवस झोप नव्हती हे तुला कुणी सांगितलं नसेल. डोळा लागला की टक. पुन्हा लागला की टक. आपल्याला त्या आवाजाची इतकी सवय की तो ऐकूही यायचा नाही, पण तापात तो तिच्या कपाळावर पडत होता. ती हातानं कपाळ झाकून घ्यायची. वैद्य म्हणाले होते, झोप लागली तर वाचेल. ते मला म्हणाले, बाबांना नाही, कारण बाबा पाण्यावर होते. मी नऊ रात्री तिच्याजवळ बसलेली होते आणि दहाव्या सकाळी ती मला म्हणाली, "मेना, त्याला जरा थांबव ना गं."

हातोड्याला हात लावायचा नाही. आपल्याकडे पोराला चालता येण्याआधी हे शिकवतात. गावात कुणी कुणाचं गवत कापलं तर भांडण मिटतं, हातोड्याला हात लावला तर मिटत नाही. मला ठाऊक होतं. मी वर चाकाशी गेले, डोक्याचा लाल रुमाल सोडला आणि हातोड्याच्या डोक्याला बांधला. चार पदर. चाक फिरत होतं, हातोडा पडत होता, पण आवाज नाही, उशीवर मूठ मारावी तसा. मनात म्हटलं, एक तास. बाबा खालच्या कुरणात गवत कापतायत, एवढ्यात कुठे वर येतात. त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी नाही म्हटलं असतं, म्हणून सांगितलं नाही.

आई झोपली. कास्पर, ती अशी झोपली की मी तिच्या तोंडाजवळ हात धरून बघितला, श्वास आहे ना. मी शेजारी बसले आणि मला इतकं बरं वाटत होतं. ते सगळ्यात वाईट आहे. तो तास मला फार बरं वाटलं.

बाबांनी कुरणातून ऐकलं की ऐकू येत नाही. दाट धुकं होतं. चाकाकडे येऊन बघायचं तर चढ चढून उलटं यायला लागतं. पाट फुटला तर पाणी खालच्या वाडीवर जातं, म्हणून ते विळा तिथेच टाकून सरळ कड्याच्या वाटेनं गेले. पाट फुटला नव्हता. कुठेही फुटला नव्हता. ते पाटालगतच्या ओल्या फळ्यांवरून घसरले. वर पोचून पाणी वाहताना त्यांनी बघितलं की त्याआधीच गेले, ते देवाला ठाऊक.

तासानं मी रुमाल सोडला. टकटक सुरू झाली. गावानं ऐकली आणि म्हटलं, यॉस्टनं पाट बांधला. दुपारी माणसं वर गेली, पाट धड होता. मग काय. यॉस्टनं बांधला आणि परतताना गेला. वीर झाले बाबा. आणि रुमाल माझ्या डोक्यावर होता, ओला, त्यांना घरी आणलं तेव्हा.

आई वाचली. अकरा वर्षं जगली. मरेपर्यंत म्हणायची, त्या सकाळी लागली तशी झोप मला पुन्हा कधी लागली नाही. दर वर्षी म्हणायची. मी म्हणायचे, हो आई.

पापकबुलीत सांगितलं का, असं तू विचारशील. सांगितलं. दुधात पाणी घालून सांगितलं. 'मोठ्यांचं ऐकलं नाही', एवढंच. फादरनी तीन प्रार्थना दिल्या. तीनच. मी तेवढ्या म्हटल्या आणि घरी आले.

तर तुझा सावध कान हा असा आहे. ढालीवर तू बाबांना घालायला निघालास आणि मला तिथे माझा रुमाल दिसतो. 'जागे राहा' म्हणे. राहिलेच की मी, छत्तीस वर्षं.

आता तू बघ. ब्रुनाला सोडून मला येता येत नाही असं मी गावाला सांगीन, सप्टेंबरमध्ये इकडे शहरात होणाऱ्या तुझ्या बिशपपदाच्या दीक्षेला मी नसले तरी कुणी काही विचारणार नाही. तुला अवघडल्यासारखं व्हायला नको.

गाडीचा भोंगा वाजला.

मेना


एगमाट, ६ जुलै १९५८

चि. कास्पर यास अनेक आशीर्वाद.

गवत कापून झालं. या वेळी उन्हात चांगलं वाळलं. ब्रुना वर कुरणात गेली, जाताना घंटा अशी हलवत होती जशी बिशप तीच झालीये. तुझं पत्र गुरुवारी आलं. मी ते गोठ्यात वाचलं, कारण तिथे कुणी येत नाही. वाचून झाल्यावर बाहेर आले आणि कोंबड्यांवर ओरडले. त्यांनी काही केलं नव्हतं.

तू लिहिलंस ते मी पुन्हा इथे उतरवते, कारण उतरवलं की मला नीट कळतं. 'मेना, बाबा ठोका ऐकून गेले नव्हते, ठोका ऐकू आला नाही म्हणून गेले. पाटकऱ्याचं काम तेवढंच असतं, ते त्यांनी केलं. पाट फुटलेला होता की नव्हता यानं त्यांचं काही कमी होत नाही. पण त्या सकाळी आपल्या घरात आणखी एक माणूस नऊ रात्रींचं जागं होतं, आणि मी पंचवीस वर्षं प्रवचनात फक्त एकाचंच नाव घेतलं. ती चूक माझी.'

तुझी कसली चूक? तू तेरा वर्षांचा होतास आणि तुला सांगणारी मीच होते. उगाच माझ्यातलं घेऊ नकोस. पण घेतलंस ते मी ठेवून घेतलं आहे. परत देत नाही.

आता नवं चित्र. तोच निळा रंग, तोच पाट, तोच सोन्याचा हातोडा, आणि त्याच्या डोक्याला गाठ मारलेलं फडकं, दोन टोकं खाली सोडलेली. मी बराच वेळ बघितलं. गाठ चुकली आहे. मी मागून बांधली होती. पण असू दे, समोरून दिसावी लागते ती.

ब्रदर मौरुसनी तुला कळवलं ते वाचलं, की लाल फडकं निळ्यावर चालत नाही, रंगावर रंग येतो, म्हणून चंदेरी करावं लागेल, सोन्यावर गाठीपुरतं टेकतं तेवढं चालतं. तू लिहिलंस, मेना, रुमाल लालच होता, मी हट्ट धरू का? धरू नकोस. ब्रदरना सांग, त्यांचा कायदा बरोबर आहे. तो रुमाल माझ्याकडे आहे. मी तो दर शनिवारी धुतलाय. कधीचा पांढरा झालाय तो.

लोकांना वाटायच्या पुस्तिकेत अर्थ काय छापू, हे तू मला विचारलंस. बिशपानं बहिणीला विचारावं, तीही चार हिवाळे शाळेत गेलेली. असं छाप: 'हातोडा म्हणजे यॉस्ट पाटकरी. फडकं त्याची मुलगी मेना हिचं, आईला झोप लागावी म्हणून बांधलेलं.' एवढंच. त्याला आणखी सोनं लावू नकोस.

पण छापलेलं गावानं आधी वाचावं हे मला नको होतं. म्हणून काल हौदावर, धुण्याच्या वेळी, मी सांगून टाकलं. तिथे सगळ्या होत्या, आणि म्हातारी लुडविना होती, जिचं घर खालच्या वाडीत आहे, जिला वाचवायला बाबा धावले असं मानून ती आजवर मेणबत्ती लावत आली. मी सगळं सांगितलं, सुरुवातीपासून, कपडे पिळत पिळत. माझ्या हातात चादर होती. पाणी तेवढं पडत होतं. मग लुडविना आली आणि तिनं चादरीचं दुसरं टोक धरलं. दोघींनी मिळून पिळली. ती म्हणाली, "एकटीनं कधी पिळली जात नाही गं ही." एवढंच बोलली. तिनं नंतर क्रुसापाशी मेणबत्ती लावली का ते मी बघायला गेले. लावली होती. दोन होत्या.

आज सकाळी फादरकडेही गेले. या वेळी दुधात पाणी नाही घातलं. त्यांनी किती प्रार्थना दिल्या ते तुला सांगणार नाही, तुझं काम नाही ते.

तेव्हा सप्टेंबरमध्ये मी येते. ब्रुनाचं दूध लुडविनाची सून काढील. पहिल्या रांगेत बसवू नकोस, गुडघा पसरायला कडेची जागा लागते. पांढऱ्या हातमोज्यांचं काही सांगू नकोस, मी घालणार नाही. तुझ्या अंगठीचं चुंबन घ्यायचं असतं म्हणतात, ते घेईन, पण आधी तुझे कान तपासीन, लहानपणी कधी नीट धुतले नाहीस.

हातोडा बरोबर आणते. ब्रदर मौरुसना खरा बघू दे, आणि ती चीर त्यांनी बरोबर काढली का ते मी बघते. त्याला तो रुमाल बांधून आणते. रेल्वेचा तीन तासांचा प्रवास आहे, नाहीतर फळीवर आपटून वाजत राहील. डब्यात कुणाचा डोळा लागला असेल.

तुझी थोरली बहीण,
यॉस्ट पाटकऱ्याची मेना